खरी मंडळी कोणती?

१९८० सालच्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाँग बीच या शहरीं एका जलशाची जाहिरात झाली. 'डीप पर्पल' ही इंग्लंडांतील प्रख्यात रॉक मंडळी चार वर्षांपूर्वीं मोडली होती. ती पुन्हां उभी राहत आहे, असें त्या जाहिरातीवरून कोणालाही वाटावें. परंतु जलशाच्या तोंडावर तेथील एका मोठ्या वृत्तपत्रांत दुसरीच जाहिरात प्रसिद्ध झाली. तिच्यांत रिची ब्लॅकमोर, इयान गिलन, रॉजर ग्लोव्हर, जॉन लॉर्ड, इयान पेस, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज अशीं सात नांवें देऊन, यांपैकीं एकही कलावंत सदर जलशांत भाग घेणार नाहीं, असें लोकांस कळविलें होतें. ही जाहिरात खऱ्या मंडळीच्या व्यवस्थापकांनीं दिलेली होती. रंगमंचावर जे उभे राहिले, त्यांत जुन्या मंडळींतला म्हणावा असा एकच इसम होता. तो म्हणजे रॉड इव्हान्स, १९६८ सालचा पहिला गायक. बाकीच्यांचा डीप पर्पलशीं पूर्वीं काडीचाही संबंध आलेला नव्हता.

या प्रकरणांतील चमत्कारिक भाग असा कीं, इव्हान्स हा मुळांत कोणी भामटा नव्हता. मंडळी जन्मली तेव्हां तो तिच्यांत होता. तिचें पहिलें गाजलेलें गाणें 'हश' हें त्याच्याच आवाजांत मुद्रित झालें आणि १९६८ सालीं अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलें. उलट त्या सात नांवांपैकीं कव्हरडेल व ह्यूज हे दोघे मंडळींत आले ते १९७३ सालीं, म्हणजे इव्हान्स गेल्यावर चार वर्षांनीं. तरी ते खरे आणि हा खोटा! न्यायालयानें आपल्यापुरता निकाल दिला. नांवाच्या गैरवापराबद्दल ६,७२,००० डॉलरांची भरपाई बसली आणि इव्हान्सला जुन्या गाण्यांच्या मानधनावर पाणी सोडावें लागलें. त्यानंतर तो लोकांच्या नजरेआड झाला तो कायमचाच. परंतु न्यायालय फार तर नांवाचा मालक ठरवूं शकतें. पदरचे पैसे मोडून आलेला श्रोता 'ही ती मंडळी नव्हे' असें कशावरून म्हणतो, याचा निर्णय त्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

महाराष्ट्रांतील नाट्यरसिकांना हा पेंच अगदींच अपरिचित वाटूं नये. १९१३ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळींतून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. किर्लोस्कर मंडळीही आपल्या जागीं चालूच राहिली. तेथें निदान नांवें दोन झालीं, आणि रसिकानें कोणत्या दारीं जावयाचें तें पाटी वाचून ठरवावें, अशी सोय होती. डीप पर्पलच्या रसिकांना ती सोय मिळाली नाहीं. पाटी तीच राहिली, आणि तिच्याखालचीं माणसें बदलत गेलीं.

त्यांनीं स्वतःच एक सोय करून घेतली. इंग्लंडांत एखाद्या यंत्राचा सुधारलेला नमुना निघाला म्हणजे त्यास 'मार्क दोन', 'मार्क तीन' असे क्रमांक देण्याची पद्धत आहे. या मंडळींत गायक-वादकांचा संच बदलला कीं, तिच्या चाहत्यांनीं त्या संचाला असाच क्रमांक द्यावा, असा प्रघात पडला. विमानांना व मोटारींना लावावयाचें विशेषण गवयांना लावणें थोडें विनोदी खरें. पण त्यांत एक न्यायबुद्धिही आहे. क्रमांक दिला म्हणजे त्या संचाचें अस्तित्व मान्य केलें. आवडला नाहीं तरी तो वहींतून खोडतां येत नाहीं.

पहिला संच जमला १९६८ च्या आरंभीं, लंडनच्या उत्तरेस असलेल्या हर्टफर्डशायर परगण्यांत. पाश्चात्य अभिजात संगीताचें शिक्षण झालेला ऑर्गनवादक जॉन लॉर्ड, तऱ्हेवाईक परंतु विलक्षण तयारीचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर, ड्रम वाजविणारा वीस वर्षांच्या आंतला इयान पेस, बास गिटारवर निक सिंपर आणि गायक इव्हान्स. ब्लॅकमोरच्या आजीला आवडणाऱ्या एका जुन्या गीतावरून मंडळीचें नांव ठेविलें गेलें. वर्ष-सवा वर्षांत तीन तबकड्या निघाल्या. मग लॉर्ड, ब्लॅकमोर व पेस या तिघांच्या मनांत अधिक जोरकस आवाजाच्या गायकाची गरज भरली, आणि 'एपिसोड सिक्स' नांवाच्या दुसऱ्या एका मंडळींतून गिलन व ग्लोव्हर यांना उचलण्यांत आलें. हें ज्या रीतीनें झालें ती रीत मात्र शोभादायक नव्हती. इव्हान्स व सिंपर यांना कांहीं एक न सांगतां एकीकडे जुन्या संचाचे जलसे चालू होते, आणि दुसरीकडे लंडनमधील एका सभागृहांत नव्या संचाच्या गुप्त तालमी होत होत्या. जुलै १९६९ मध्यें ते दोघे बाहेर झाले. १९८० सालचा खोटा जलसा समर्थनीय ठरत नाहीं. परंतु त्याच्या पाठीमागें अकरा वर्षांपूर्वींची ही हकीकत आहे, तिचाही विसर पडूं नये.

दुसऱ्या संचाची पहिली मोठी परीक्षा २४ सप्टेंबर १९६९ रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें झाली. लॉर्डनें आपली मंडळी व पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठीं तीन भागांची एक रचना केली होती. रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि संचालक माल्कम अर्नोल्ड यांच्यासमवेत ती सादर झाली. प्रयोग गाजला, पण ब्लॅकमोरला तो मार्ग रुचला नाहीं. पुढची तबकडी निखळ रॉकची असावी, असा त्याचा आग्रह पडला व १९७० सालीं 'इन रॉक' बाहेर आली. मंडळीची ओळख म्हणून जो आवाज पुढें जगभर झाला, तो येथून सुरू होतो.

त्या तबकडीवरील 'चाइल्ड इन टाइम' या दीर्घ गाण्याविषयीं मुंबईकरांना एक गोष्ट ठाऊक असावयास हवी. त्याच्या आरंभीं ऑर्गनवर जी सुरावट वाजते, ती मूळची डीप पर्पलची नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' नांवाच्या मंडळीनें १९६९ सालीं 'बॉम्बे कॉलिंग' या नांवाची एक धून प्रसिद्ध केली होती. तिच्यावरून ती घेतलेली आहे. ही उसनवारी मंडळीच्या लोकांनीं पुढें मोकळेपणें मान्यही केली. मुंबईचें नांव अशा आडवाटेनें या इतिहासांत शिरतें, आणि पंचवीस वर्षांनंतर तें पुन्हां यावयाचें होतें.

डिसेंबर १९७१ मध्यें स्वित्झर्लंडांतील मोंत्रो या सरोवरकांठच्या गांवीं मंडळी नवी तबकडी मुद्रित करण्यासाठीं गेली. ज्या कॅसिनोंत मुद्रण व्हावयाचें, तेथें ४ तारखेस फ्रँक झप्पा याचा जलसा चालू असतां कोणा प्रेक्षकानें आतषबाजीची पिस्तूल झाडली आणि सारी इमारत जळून गेली. पाण्यावर पसरलेला धूर पाहून ग्लोव्हरला जें शीर्षक सुचलें, तेंच 'स्मोक ऑन द वॉटर'. हें गाणें गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतें, म्हणून त्याविषयीं अधिक लिहिणें नको.

चाहत्यांच्या वादाचें खरें मूळ त्यापुढील वर्षीं जपानांत आहे. ऑगस्ट १९७२ मध्यें ओसाका येथें १५ व १६ तारखांस आणि टोकियो येथें १७ तारखेस असे तीन जलसे झाले. जपानी कंपनीच्या इच्छेखातर ते मुद्रित केले. मंडळीला त्यांत फारसा उत्साह नव्हता, आणि ती तबकडी जपानाबाहेर विकावी असा मूळ बेतही नव्हता. तीच 'मेड इन जपान' ही जोड-तबकडी होऊन वर्षअखेरीस निघाली, आणि रॉक संगीताच्या प्रत्यक्ष मुद्रणांत आजवर तिची गणना अग्रभागीं होते. तिच्यांत अवघीं सात गाणीं आहेत. शेवटचें 'स्पेस ट्रकिंग' सुमारें वीस मिनिटें चालून एक अख्खी बाजू व्यापतें. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' या गाण्यांत ब्लॅकमोरनें गिटारवर एक तान घ्यावी आणि गिलननें ती कंठांतून जशीच्या तशी परत करावी, असा सवाल-जवाब रंगतो. आपल्याकडील मैफलींत तबलजी व गवई यांची जी चढाओढ होते, तिच्याशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना हा भाग समजावून देण्याची गरज नाहीं.

वास्तविक जलसा म्हटला म्हणजे तो त्या रात्रीपुरता; दुसऱ्या दिवशीं श्रोत्यांच्या आठवणीखेरीज त्याचें कांहीं मागें राहत नाहीं. येथें तीन रात्री तबकडीवर गोठल्या. ज्यांनीं जपान पाहिलें नव्हतें अशा लक्षावधि लोकांनीं त्या घरीं बसून इतक्या वेळां ऐकल्या कीं, प्रत्येक तान, प्रत्येक आरोळी त्यांना पाठ झाली. त्यानंतरच्या प्रत्येक संचाला या तीन रात्रींशीं सामना करावा लागला. दुसरा संच म्हणजेच डीप पर्पल, हें मत तेथें पक्कें झालें. आणि त्याची शिक्षा सर्वांत प्रथम भोगली ती, कांहींशी विपरीतपणें, दुसऱ्याच संचानें. अखंड प्रवास, आजारपणें आणि ब्लॅकमोर-गिलन यांचें परस्परांशीं न बोलणें, यांनीं तो वर्षभरांतच खिळखिळा झाला. जून १९७३ च्या अखेरीस, पुन्हां ओसाका येथेंच, गिलन व ग्लोव्हर यांनीं निरोप घेतला.

तिसरा संच हा चाहत्यांच्या मतभेदाचा पहिला मोठा विषय. उत्तर इंग्लंडांतील एका कपड्यांच्या दुकानांत काम करणारा डेव्हिड कव्हरडेल, आणि बास वाजवून शिवाय उंच पट्टींत गाणारा ग्लेन ह्यूज, असे दोन गायक आतां एकाच मंडळींत झाले. 'बर्न' ही १९७४ ची तबकडी ऐकून पुष्कळांची तक्रार मिटली. त्याच वर्षीं ६ एप्रिल रोजीं कॅलिफोर्नियांतील विराट जलशांत या संचानें प्रचंड समुदाय जिंकला आणि ब्लॅकमोरनें गिटार चित्रीकरणाच्या यंत्रांत खुपसून त्यावर आपला राग काढला. तरीही ह्यूजच्या गाण्यांतून डोकावणारी काळ्या अमेरिकेच्या संगीताची लय ब्लॅकमोरला मानवेना. १९७५ सालीं तोही गेला.

त्याच्या जागीं आलेला टॉमी बोलिन या अमेरिकन तरुणाची कथा करुण आहे. 'कम टेस्ट द बँड' या तबकडींत त्याची स्वतंत्र बुद्धि स्पष्ट दिसते. पण जलशाला येणारे लोक त्याला ऐकण्यासाठीं येत नसत. ब्लॅकमोर नाहीं हें पाहण्यासाठीं येत. त्यांत त्याला मादक पदार्थांचें व्यसन. डिसेंबर १९७५ मध्यें मंडळी टोकियोस गेली तेव्हां त्या व्यसनापायीं त्याचा हात धड चालत नव्हता. दुर्दैव असें कीं, तो जलसाही मुद्रित झाला व पुढें विक्रीस निघाला. तीन वर्षांपूर्वीं ज्या शहरांत मंडळीची कीर्ति तबकडीवर उतरली, त्याच शहरांत बोलिनची नामुष्की उतरली, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकणें लोकांना शक्य झालें. त्याच्या चांगल्या दिवसांचीं मुद्रणें पुढें उजेडांत आलीं तेव्हां कित्येक चाहत्यांनीं आपलें मत बदललें. परंतु तें ऐकण्यास तो राहिला नव्हता. १५ मार्च १९७६ रोजीं लिव्हरपूल येथें शेवटचा जलसा झाला. कव्हरडेल राजीनामा सांगावयास गेला, तर लॉर्ड व पेस यांनीं मंडळी बंद करण्याचें आधींच ठरविलेलें! त्याच वर्षीं ४ डिसेंबरला बोलिन वारला. त्याचें वय पंचवीस होतें.

मधल्या खोट्या मंडळीचा प्रकार वर आलाच आहे. १९८४ सालीं दुसरा संच पुन्हां एकत्र आला, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' ही तबकडी निघाली, आणि चाहत्यांना वाटलें कीं वाद मिटला. पण तींच माणसें, तेच स्वभाव! १९८९ मध्यें गिलनला काढण्यांत आलें, व ब्लॅकमोरच्या 'रेनबो' मंडळींतील जुना गायक जो लिन टर्नर आला. रसिकांनीं त्या संचास 'डीप रेनबो' असें टोपण नांव देऊन आपला अभिप्राय एका शब्दांत कळविला. गिलन १९९२ सालीं परतला. पुढील वर्षीं ९ नोव्हेंबर रोजीं बर्मिंगहॅमचा जलसा सुरू झाला तेव्हां रंगमंचावर ब्लॅकमोरच नव्हता. पहिल्या गाण्याच्या मध्यावर, आपली तान येण्याच्या वेळीं, तो आला, आणि चित्रीकरण करणाऱ्याच्या रोखानें पाणी फेकून पुन्हां आंत गेला. बाकीचे चौघे वाजवीत राहिले. आठवड्याभरानें हेल्सिंकी येथें त्यानें मंडळी कायमची सोडली. जपानचे जलसे ठरून गेले होते. जो सॅट्रियानी या नामांकित गिटारवादकानें ऐन वेळीं येऊन ते पार पाडले.

आतां मंडळी संपली, असें म्हणणारे पुष्कळ होते. लॉर्ड, पेस, गिलन व ग्लोव्हर यांना तसें वाटलें नाहीं. १९९४ च्या अखेरीस त्यांनीं स्टीव्ह मोर्स या अमेरिकन वादकास घेतलें. हा सातवा संच एप्रिल १९९५ मध्यें मुंबईस आला. मोर्सला येऊन जेमतेम पांच महिने झाले होते. त्याच्यासहित केलेली पहिली तबकडी 'पर्पेंडिक्युलर' १९९६ सालीं निघावयाची होती. त्यामुळें मुंबईचे श्रोते एका विलक्षण जागीं उभे होते. त्यांच्यांतील कित्येकांनीं वीस वर्षें 'मेड इन जपान'ची पारायणें केलेलीं. मंडळी प्रत्यक्ष पाहावयास मिळाली ती मात्र ब्लॅकमोरखेरीज. लंडनच्या वा टोकियोच्या रसिकाला पूर्वींची प्रत्यक्ष आठवण होती, म्हणून तुलना करण्याचा हक्क होता. मुंबईच्या रसिकाजवळ तबकडी होती, आणि समोर गिटार घेऊन उभा असलेला एक नवखा माणूस होता, जो ब्लॅकमोरची नक्कल करण्याचें नाकारीत होता. त्या रात्रीचें चित्रमुद्रण पुढें 'बॉम्बे कॉलिंग' याच नांवानें बाहेर आलें. नांव ठेवणारास 'चाइल्ड इन टाइम'ची जुनी उधारी आठवली असली पाहिजे.

मोर्सविषयीं चाहत्यांत जे तट पडले, ते अद्याप मिटलेले नाहींत. ब्लॅकमोरच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, गिटारच्या मूळ कल्पना ज्याच्या, त्याच्यावांचून तीं गाणीं म्हणजे सही केलेल्या पत्राची नक्कल. उलट पक्ष म्हणतो कीं, गिलनचा आवाज, लॉर्डचा ऑर्गन आणि पेसचा ठेका यांची जुळणी हाच मंडळीचा पिंड होय. येथें साध्या बेरजेकडे लक्ष देण्यास हरकत नाहीं. ब्लॅकमोर १९६८ ते १९७५ आणि १९८४ ते १९९३ मिळून सुमारें सोळा वर्षें मंडळींत होता. मोर्स राहिला जवळजवळ अठ्ठावीस वर्षें. अर्थात् वर्षांच्या मोजणीनें प्रेम ठरत नाहीं. मोर्सनें वाजविलेले जलसे ऐकूनच जी पिढी या मंडळीकडे वळली, तिच्या लेखीं मात्र 'बदली माणूस' हा शब्दच निरर्थक आहे.

२००२ सालीं लॉर्ड निवृत्त होऊन डॉन एअरी आला, आणि हा बदल चाहत्यांनीं फारशी खळखळ न करितां पत्करला. लॉर्ड भांडून गेला नव्हता, थकून गेला होता. आणि निरोपाची रीत सभ्य असली म्हणजे येणाऱ्यावर राग निघत नाहीं, असें दिसतें. १६ जुलै २०१२ रोजीं तो वारला. 'चाइल्ड इन टाइम' तोंपर्यंत वयोमानापरत्वें जलशांतून बाजूला पडलें होतें. त्यांतील ती गगनभेदी आरोळी साठीच्या घरांतल्या गिलनकडून मागणें अन्यायाचें झालें असतें. २०२२ मध्यें पत्नीच्या आजारपणामुळें मोर्सही बाहेर पडला व बेलफास्टचा सायमन मॅक्‌ब्राइड त्याच्या जागीं आला. मंडळी स्थापन झाली तेव्हां तो जन्मलाही नव्हता. हा नववा संच. २०२४ सालीं त्याची पहिली नवीन तबकडी निघाली.

या नऊही संचांत एकच माणूस प्रथमपासून आहे. तो म्हणजे ड्रम वाजविणारा इयान पेस. ब्लॅकमोरवाले आहेत, गिलनवाले आहेत, कव्हरडेल-ह्यूज यांचा एक निष्ठावंत गट आहे, बोलिनचेही कैवारी आतां आहेत. पेसच्या नांवाचा पंथ मात्र कोणी काढला नाहीं. जो कधीं गेलाच नाहीं, त्याची उणीव कोणास भासावयाची?

एप्रिल २०१६ मध्यें अमेरिकेंतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या संस्थेनें डीप पर्पलचा गौरव केला, तेव्हां खरी मंडळी कोणती हा प्रश्न पुन्हां एकदां, आणि या वेळीं अधिकृतपणें, पुढें आला. संस्थेनें आठ नांवें निवडलीं: पहिल्या तीन संचांतील सर्व माणसें, एक वगळून. ब्लॅकमोर समारंभास आला नाहीं. रॉड इव्हान्सचें नांव यादींत होतें. ज्याला न्यायालयानें छत्तीस वर्षांपूर्वीं दंड केला होता, त्याला हा मान मिळाला, आणि तोही तेथें फिरकला नाहीं. मोर्स व एअरी यांनीं त्या रात्रीं रंगमंचावर वादन केलें, परंतु गौरवाच्या यादींत त्यांचीं नांवें नव्हतीं. बोलिनचेंही नव्हतें.

वगळलेला एक माणूस म्हणजे निक सिंपर. इव्हान्सबरोबर तो आला, त्याच तीन तबकड्यांवर त्यानें वाजविलें आणि त्याच गुप्त तालमींनंतर त्याच महिन्यांत तो गेला. तरी एकाला मान आणि दुसऱ्याला नाहीं. चाहत्यांच्या नऊ संचांच्या वहींत त्याचें नांव पहिल्या पानावर आहे, आणि संस्थेच्या या निवडीवर त्यांतील पुष्कळांनीं नापसंती दर्शविली. सिंपरनें त्यापूर्वींच कांहीं ऑस्ट्रियन वादकांना बरोबर घेऊन त्या पहिल्या तीन तबकड्यांवरील गाणीं पुन्हां जलशांतून वाजविण्यास आरंभ केला होता. हीं गाणीं मूळ मंडळीनें बहुतेक सारीं टाकून दिलेलीं; तीं ऐकावयाचीं तर सिंपरकडेच जावें लागे, आणि लोक जात. त्या जलशांच्या फलकावर त्यानें 'डीप पर्पल' असें लिहविलें नाहीं. तेथें त्याचें स्वतःचें नांव असे.